दवाखान्यातली शाळा

ध्वनिफीत चालू आहे. रुग्ण सांगतो आहे की रात्री झोप लागत नाही, कामावर जावेसे वाटत नाही. समुपदेशक मधूनमधून एखादा प्रश्न विचारतो. खोलीत बसून ऐकणारे सगळे त्याचेच सहकारी, आणि प्रत्येकापुढे गुणांचा तक्ता. रुग्णाला पुरेसे बोलू दिले का? मागच्या भेटीत ठरलेल्या कामाचे काय झाले ते विचारले का? सल्ला देण्याची घाई झाली का? अशा एकेका मुद्द्यावर गुण पडत जातात. ज्याचे संभाषण तपासले जात आहे तोही तिथेच बसलेला असतो, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाची तरी ध्वनिफीत लागणार असते. यांच्यापैकी कोणीही डॉक्टर नाही. मानसोपचाराचे फारसे पूर्वशिक्षणही कोणाकडे नाही.

'संगाथ' या गोव्यातील संस्थेने ही पद्धत घालून दिली आणि मग तिचीही परीक्षा घेतली. 189 ध्वनिमुद्रित भेटींना समुपदेशकांनी दिलेले गुण आणि तज्ज्ञांनी दिलेले गुण शेजारी शेजारी मांडले गेले. लागोपाठच्या तीन टप्प्यांत तुलना झाली, आणि टप्प्यागणिक दोन्हींमधले अंतर कमी होत गेले. ही पाहणी 2014 साली प्रसिद्ध झाली. सहकाऱ्याचे काम तपासता तपासता समुपदेशक शिकले, आणि त्याच तपासणीमुळे रुग्णाला मिळणाऱ्या उपचारावर नजरही राहिली.

आरोग्यसेवा सुधारायची म्हटले की आपल्याकडे इमारत, खाटा आणि यंत्रे यांची मागणी होते. वैद्यकीय शिक्षण सुधारायचे म्हटले की अभ्यासक्रम, जागा आणि परीक्षा यांवर चर्चा झडतात. दोन्ही चर्चांची माणसे वेगळी, फाइली वेगळ्या. शिकणाऱ्याचा निकाल विद्यापीठ लावते. त्याने तपासलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे त्या निकालपत्रात कुठेच येत नाही. गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये गेल्या दोन दशकांत जे प्रयोग झाले, त्यांनी हे दोन निकाल एकत्र वाचता येतात हे दाखवून दिले.

पाळी ते बांबोळी

पाळी हे डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यातले गाव. इथल्या माणसाची आजारपणातली वाट ठरलेली आहे. आधी गावातला किंवा जवळपासचा खासगी डॉक्टर, मग साखळीचे सामाजिक आरोग्य केंद्र, आणि प्रकरण हाताबाहेर गेले की बांबोळी. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला वर्तमानपत्रे 'गोमेकॉ' म्हणतात. लोक मात्र नुसते 'बांबोळीला नेले' म्हणतात आणि ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होते. पेडणे तालुक्यातल्या रुग्णाची वाट आधी म्हापशाला वळते, पण तिचाही शेवटचा मुक्काम बांबोळीच.

खाणी 2012 साली थांबल्या, मग काही काळ सुरू होऊन 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रकांचे हप्ते, बार्जवरची कामे, यंत्रदुरुस्तीची दुकाने, सगळे एकमेकांत गुंतलेले. या पट्ट्यातला माणूस डॉक्टरपुढे बसून 'मला नैराश्य आले आहे' असे सांगत नाही. तो छातीत धडधड सांगतो, डोके जड झाल्याचे सांगतो. बाई अंगावरून पांढरे जाते म्हणून येते. ही तक्रार गोव्यातच नीट तपासली गेली. सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या पाहणीत असे दिसले की पांढरे जाण्याच्या तक्रारीचा जननमार्गाच्या जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक जवळचा संबंध आहे. तेव्हा प्रतिजैविकाची चिठ्ठी देऊन बाईला घरी पाठवणाऱ्या डॉक्टरचे शिक्षण कमी पडलेले असते, आणि बाईचा उपचारही.

गोव्याला वैद्यकीय शिक्षण नवे नाही. पणजीत 1842 साली 'एस्कोला मेदिको-सिरुर्जिका' सुरू झाली. आशिया खंडात पाश्चात्त्य वैद्यक शिकवणाऱ्या सर्वांत जुन्या संस्थांत तिची गणना होते. तिथून बाहेर पडलेल्या अनेक गोमंतकीय डॉक्टरांनी आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत नोकऱ्या केल्या. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे आलेल्या नव्या काबिजादीतले. पणजीतल्या शाळेचा पदवीधर मोझांबिकला पोहोचत होता, तेव्हा इथली गावे वैद्य आणि सुईण यांच्यावरच विसंबून होती. मुक्तीनंतर 1963 साली त्या शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले, पुढे ते बांबोळीच्या पठारावर गेले. मांडूरचे ग्रामीण आरोग्य व प्रशिक्षण केंद्र याच महाविद्यालयाचे; शिकाऊ डॉक्टर तिथे खेड्यातली रुग्णसेवा पाहतात.

गोव्याची आणखी एक खूण आहे. बहुतेक साऱ्या देशात गावपातळीवरची आरोग्यसेवा 'आशा' कार्यकर्त्यांच्या खांद्यावर उभी राहिली. गोव्याने ती योजना राबवली नाही. त्यामुळे इथे गाव आणि दवाखाना यांना जोडणारे काम परिचारिका, आरोग्य कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडे आले. 'संगाथ'ने याच दुव्यात एक नवे माणूस आणून बसवले.

पदवी नाही, पण तालीम आहे

'संगाथ'ची स्थापना 1996 साली झाली. संस्थापकांपैकी डॉ. विक्रम पटेल हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले मनोविकारतज्ज्ञ. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या इतकी कमी की त्यांच्या भरवशावर खेड्यातल्या रुग्णापर्यंत उपचार पोहोचणेच शक्य नव्हते. मग हे काम दुसऱ्या कोणाला शिकवता येईल का, असा प्रश्न पुढे आला.

'मानस' प्रकल्पात त्याची पहिली मोठी चाचणी झाली. गोव्यातली 12 सरकारी आरोग्य केंद्रे आणि 12 खासगी दवाखाने निवडले गेले. आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक स्त्रियांना दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन आरोग्य समुपदेशक म्हणून दवाखान्यात बसवले. या समुपदेशक रुग्णाला त्याच्या त्रासाचा मनाशी असलेला संबंध समजावून सांगत, श्वसनाचे व्यायाम शिकवत, गरज असेल त्याला बोलण्याच्या उपचारासाठी पुन्हा बोलवत. औषधाची गरज भासली तर केंद्रातला डॉक्टर ते लिहून देई आणि अवघड रुग्णासाठी मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला मिळे. आधीच्या चाचपणीत एक गोष्ट लक्षात आली होती की 'मानसिक आजार' हे शब्द कानावर पडताच माणूस दवाखान्याची पायरी चढायला कचरतो. म्हणून बोलणे 'टेन्शन'पासून सुरू व्हायचे.

निष्कर्ष 2010 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. सरकारी केंद्रांत समुपदेशक होत्या तिथे सहा महिन्यांनंतर 65.9 टक्के रुग्ण बरे झालेले आढळले. नव्हत्या तिथे 42.5 टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असण्या-नसण्याने फरक पडला नाही. गोव्यातला घरचा डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबाला ओळखतो, त्याच्यापुढे चार शब्द जास्त बोलता येतात. कदाचित समुपदेशकाचे थोडे काम तो आधीच करत असावा. सरकारी केंद्रातल्या गर्दीत हे चार शब्दच हरवलेले होते, आणि ते परत आणायला आणखी एक डॉक्टर लागला नाही.

'प्रीमियम' हा पुढचा प्रकल्प होता. आता प्रश्न अधिक अवघड झाला होता. तीव्र नैराश्य आणि दारूचा घातक नाद यांवरचे उपचारही अशी माणसे करू शकतील का? नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचा एक उपचार तयार झाला. माणूस खचला की जी कामे सोडून देतो, ती थोडी थोडी करून पुन्हा हाती घ्यायची, असे त्याचे सूत्र. दारूसाठी जास्तीत जास्त चार भेटी. आधी वर्गातले प्रशिक्षण, मग आरोग्य केंद्रांत प्रत्यक्ष काम आणि ठरलेल्या वेळी ध्वनिफीत लावून एकमेकांची तपासणी. ज्या बैठकीने या लेखाची सुरुवात झाली ती याच उपक्रमातली.

चाचणी 10 आरोग्य केंद्रांत झाली. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा नैराश्याचा उपचार घेतलेल्यांपैकी 64 टक्के रुग्ण त्यातून बाहेर आले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. दारूच्या बाबतीत 36 विरुद्ध 26 टक्के. जे पीत राहिले, त्यांच्या रोजच्या पिण्याच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही, हेही त्याच निबंधात नोंदवलेले आहे. प्रशिक्षणाचा निकाल रुग्णाच्या प्रकृतीवर लावायचा ठरले की असे आकडेही छापावे लागतात. लेखी परीक्षेत ते कधीच दिसले नसते.

गर्भवती स्त्रियांसाठीच्या तिसऱ्या प्रयोगात तर शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या यांच्यातले अंतर आणखी कमी झाले. नैराश्य असलेल्या 280 गर्भवती स्त्रियांच्या या चाचणीत उपचार करणाऱ्या होत्या त्यांच्याच भागातल्या आया. एका बाळंतपणातून गेलेली बाई दुसरीला आधार देते, ही गोष्ट आपल्या घराघरांतली. तिला शिस्तबद्ध तालमीची आणि तपासणीची जोड मिळाली.

कॉडमनची पत्रके

रुग्णाचे पुढे काय झाले हे विचारण्याची सवय जगातही सहजासहजी रुजली नाही. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हट्ट धरला की प्रत्येक शस्त्रक्रियेचा अंतिम परिणाम पत्रकावर लिहून ठेवायचा, वर्षभराने रुग्णाला पुन्हा तपासायचे, आणि चूक झाली असेल तर ती कशी झाली तेही लिहायचे. सहकाऱ्यांना ते रुचले नाही. कॉडमननी 1911 साली स्वतःचे छोटे रुग्णालय काढले आणि आपल्या चुका छापून प्रसिद्ध केल्या. त्या काळात त्यांच्या वाट्याला उपेक्षाच आली.

पुढे 2007 साली पॉल बाटाल्डन आणि फ्रँक डेव्हिडॉफ यांनी तोच विचार शास्त्रशुद्ध शब्दांत मांडला. रुग्णाची प्रकृती, सेवेची घडी आणि काम करणाऱ्याचे शिक्षण या तीन गोष्टी एकत्रच सुधारतात. काम करणाऱ्या प्रत्येकाला दोन कामे असतात, एक म्हणजे आपले काम आणि दुसरे ते काम अधिक चांगले करणे, असा त्यांचा रोख होता. गोव्यातल्या समुपदेशकांची बैठक हे त्या दुसऱ्या कामाचे उदाहरण आहे.

महाराष्ट्रातही याची उदाहरणे आहेत. जामखेडला 1970 साली काम सुरू केलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, अनेकदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्या शिकून गावात परतत आणि ठरल्या दिवशी गावातले अनुभव घेऊन पुन्हा केंद्रात येत. पुढचा धडा त्या अनुभवांतून निघे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घ्यायला आरोग्यदूतांना शिकवले. बाळाचे वजन, श्वासांची मोजणी, जंतुदोषाची लक्षणे, वेळ पडली तर जेंटामायसिनचे इंजेक्शनसुद्धा. त्यांचे पर्यवेक्षक गावोगाव जाऊन नोंदी पडताळत. 39 गावांतल्या या कामाने नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी उतरल्याचे 1999 साली 'लॅन्सेट'ने छापले, आणि 2011 पासून देशातल्या आशा कार्यकर्त्या त्याच धर्तीवर घरभेटी देऊ लागल्या.

सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली सुरू केले. तिथे प्रथम वर्षाची तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी काही दिवस त्या गावात मुक्काम करतात आणि वाटून दिलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहतात. शरीररचनेच्या टेबलापाशी शिकणाऱ्याला चुलीचा धूर, विहीर आणि सासू-सुनेचे संबंध एकाच वेळी दिसतात.

नवा अभ्यासक्रम, जुनी हजेरी

देशाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमानेही अखेर हा विचार मान्य केला, निदान कागदावर. 2019 च्या तुकडीपासून 'क्षमताधिष्ठित' अभ्यासक्रम आला. विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी रुग्ण दिसावा, रुग्णाशी बोलणे हा शिकवण्याचा विषय व्हावा, त्याने केलेल्या कामांची नोंदवही असावी, हे त्यात आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम सर्व महाविद्यालयांना लागू केला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत पाठवण्याचा नियम 2020 साली निघाला.

या सगळ्यात मोजले काय जाते? विद्यार्थी किती दिवस हजर होता, बायोमेट्रिक हजेरी लागली का, नोंदवहीत किती सह्या झाल्या. दत्तक कुटुंबातल्या आजोबांचा रक्तदाब तीन वर्षांत उतरला का, हे विचारणारा रकाना गुणपत्रिकेत नाही. जिल्ह्यात तीन महिने राहिलेल्या निवासी डॉक्टरमुळे तिथल्या प्रसूती विभागात काही बदलले का, हेही कोणी विचारत नाही. विद्यार्थ्याला खेड्यात पाठवले जाते. त्याच्या जाण्याने खेड्याला काय मिळाले याचा हिशेब ठेवला जात नाही. 'संगाथ'च्या समुपदेशकांना जे बंधन होते, ते एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला नाही.

हिशेब ठेवणे अशक्य आहे, असे म्हणायला जागा नाही. पेडण्याच्या शेजारी, तेरेखोल नदी ओलांडली की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमाची पहिली पावले 2018 च्या सुमारास महाराष्ट्रातल्या ज्या जिल्ह्यांत पडली, त्यांत सिंधुदुर्ग होता. सोबत सातारा, भंडारा आणि वर्धा. उपक्रम साधा आहे. औषधांचा एकच ठरलेला क्रम, प्रत्येक रुग्णाचे कार्ड आणि दर तिमाहीला एक प्रश्न : नोंद झालेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब 140/90 च्या खाली आला? आकडा घसरला तर गोळ्या संपल्या होत्या, की रुग्ण फिरकलाच नाही, की मात्रा वाढवायला डॉक्टर कचरला, याचा शोध घ्यावा लागतो. आकडा रुग्णाचा असतो. धडा मात्र डॉक्टर, परिचारिका आणि औषधे देणारा या तिघांना मिळतो. या उपक्रमाला 2022 साली संयुक्त राष्ट्रांच्या कृतिदलाचा पुरस्कार मिळाला.

गोव्यातही अशी सोय एका आजारापुरती झाली आहे. 2018 च्या अखेरीस हृदयविकाराच्या झटक्यासाठी 'स्टेमी गोवा' प्रकल्प सुरू झाला. छातीत दुखते म्हणून माणूस छोट्या आरोग्य केंद्रात आला की तिथेच ईसीजी काढायचा, तो दूर बसलेल्या तज्ज्ञांना पाठवायचा, आणि झटक्याचे निदान पक्के झाले तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे द्यायचे. मग रुग्णवाहिका बांबोळीकडे निघते. हृदयाच्या स्नायूला मिनिटे महत्त्वाची असतात, आणि खाणपट्ट्याच्या वळणावळणाच्या रस्त्यावर ती भराभर संपतात. रुग्णाचा फायदा उघड आहे. दुसरा फायदा केंद्रातल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याचा. एरवी 'पुढे पाठवा' एवढेच लिहिणारा हात आता निदानात आणि उपचारात भाग घेतो, आणि प्रत्येक ईसीजीबरोबर तज्ज्ञाचे वाचनही त्याच्यापर्यंत येते.

कधी धडा उलट दिशेनेही येतो. सत्तरीत 2015 साली माकडतापाची साथ आली. कर्नाटकात हा आजार 1957 पासून माहीत होता. गोव्यातल्या केंद्रांना तो नवा होता. काजूच्या बागायतीत राबणाऱ्यांना गोचिडी चावल्या आणि तापाचे रुग्ण येऊ लागले. वर्षभराने शेजारच्या दोडामार्गातही तो पसरला. सत्तरीतल्या कर्मचाऱ्यांनी हा आजार पुस्तकातून पाठ केलेला नव्हता. माकड मेले का, बागायतीत गेला होतात का, हे प्रश्न त्यांना काजूवाल्या रुग्णांनी शिकवले. असे ज्ञान पुढच्या वर्षीच्या वर्गात पोहोचते का, यावर पुढच्या साथीतला रुग्ण वाचणार की नाही हे अवलंबून असते.

साखळीत काय करता येईल

गोवा हे लहान राज्य आहे आणि इथे शिकणाऱ्याचा आणि रुग्णाचा निकाल एकत्र वाचण्याचे काम सोपे जावे. अडचण खात्यांची आहे. आरोग्य केंद्रे आरोग्य संचालनालयाकडे. शिक्षण गोमेकॉकडे आणि पदवी गोवा विद्यापीठाची. रुग्ण मात्र एकच, पाळीतून निघून साखळीमार्गे बांबोळीला जाणारा. घरी परतताना त्याच्या हातातला कागद साखळीच्या डॉक्टरपर्यंत पोहोचला नाही, तर बांबोळीत झालेल्या उपचारातून साखळी काहीच शिकत नाही. आणि औषधे चालू राहिली का हे बांबोळीला कळले नाही, तर तिथला निवासी डॉक्टर आपला उपचार यशस्वी झाला असेच समजून पदवी घेतो.

सुरुवातीला मोठा खर्च लागणार नाही. साखळी, डिचोली आणि पेडणे या केंद्रांनी प्रत्येकी एकच आजार निवडावा, उदाहरणार्थ मधुमेह किंवा रक्तदाब. महिन्यातून एकदा वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषधे देणारा कर्मचारी आणि तिथे आलेला शिकाऊ डॉक्टर यांनी एका टेबलाभोवती बसावे. किती रुग्णांची प्रकृती आटोक्यात आहे, जे सुटले ते का सुटले, आणि पुढच्या महिन्यात कोणती एक गोष्ट बदलायची, एवढेच बोलावे. गोमेकॉचा एक शिक्षक त्या बैठकीला हजर असावा आणि शिकाऊ डॉक्टरच्या मूल्यमापनात त्या बैठकीचे गुण धरले जावेत. समुपदेशकांसारखी ध्वनिफीत लावण्याची हिंमत डॉक्टरांनी दाखवली तर उत्तमच. रुग्णाची संमती घेऊन, नाव झाकून हे करता येते. वरिष्ठ डॉक्टरने आपली ध्वनिफीत आधी लावली, तर कनिष्ठांची भीड लवकर मोडेल.

कामाचा बोजा, अपुरे मनुष्यबळ आणि बदल्या या अडचणी खऱ्या आहेत. चुकांची नोंद शिक्षेसाठी वापरली गेली तर दुसऱ्याच महिन्यात सगळे आकडे सुंदर दिसू लागतील, हा धोकाही आहे. म्हणून अशी बैठक चौकशीसाठी नसून शिकण्यासाठी आहे, हे संचालनालयाने लेखी आदेशात म्हटले पाहिजे. निष्काळजीपणाची चौकशी वेगळ्या मार्गाने व्हावी.

दहावी-पदवी झालेल्या, वैद्यकाचा गंध नसलेल्या गोमंतकीय माणसांनी स्वतःचे काम सहकाऱ्यांपुढे उघडे केले आणि त्याचा फायदा रुग्णांना झाला, हे गोव्यातच सिद्ध झाले आहे. आता पाळी काय स्वीकारते, यापेक्षा बांबोळी काय स्वीकारते हा प्रश्न आहे. गोमेकॉ आणि आरोग्य संचालनालयाने येत्या वर्षी एका केंद्रात तरी ही मासिक बैठक सुरू करावी आणि वर्षअखेरीस तिचे आकडे, चांगले असोत वा वाईट, लोकांसमोर ठेवावेत.